बाटलीवरच्या नावाची फोड



फवारणीचे दिवस आले की औषधांच्या बाटल्या घरात येऊ लागतात. बाटलीवर मोठ्या, रंगीत अक्षरांत एक नाव असते. ते कंपनीने ठेवलेले. दोन-तीन अक्षरांचे, रुबाबदार आणि तोंडात चटकन बसणारे. त्याच्या खाली बारीक अक्षरांत दुसरे एक नाव असते. ते इतके लांबलचक की वाचता वाचता दम लागावा. मग आपण ते सोडूनच देतो. “ते इंग्रजी आहे, आपल्याला काय कळायचे?” असे म्हणून बाटली फळीवर ठेवतो.

आज त्या बारीक अक्षरांतल्या नावाविषयीच बोलायचे आहे. कारण मोठ्या अक्षरांतले नाव म्हणजे घरात हाक मारायचे लाडाचे नाव, आणि बारीक अक्षरांतले नाव म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव. व्यवहार लाडाच्या नावावर होत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आमच्या शेजारच्या वस्तीवर घडलेली गोष्ट सांगतो. कपाशीवर मावा आणि तुडतुडे पडले होते. घरधन्याने एका दुकानातून एक बाटली आणली. आठवड्याने दुसऱ्या दुकानातून दुसरी आणली. नावे वेगळी, बाटल्यांचे रंग वेगळे, किमती वेगळ्या. “दोन्ही मिसळून मारू, जोर येईल,” असे त्याने ठरवले. पंप भरायला घेणार, एवढ्यात आठवीतली मुलगी दोन्ही बाटल्या हाती घेऊन म्हणाली, “बाबा, खालचे नाव दोन्हीकडे एकच आहे.” होते खरे! दोन्हींवर बारीक अक्षरांत लिहिले होते, इमिडाक्लोप्रिड. म्हणजे नवा जोर काही येणार नव्हता. मात्रा तेवढी दुप्पट झाली असती आणि पैसा पाण्यात गेला असता.

मुलीने ते नाव वाचले कसे? शाळेत बाईंनी संधी शिकवला होता, त्या रीतीने. तीच रीत आज आपण शिकू.

आधी तोंडासाठी फोड

लांब नाव एका दमात म्हणायला जाऊ नका. भाकरीचे तुकडे करून खातो तसे त्याचे तुकडे करा. हातावर टाळी देत म्हणा : इ-मि-डा-क्लो-प्रिड. पाच टाळ्या. क्लोर-पाय-रि-फॉस. चार टाळ्या. साय-पर-मे-थ्रिन. चार टाळ्या. तीन वेळा म्हटले की जीभ सरावते.

इथे एक गंमत आहे, तीही समजून घ्या. आपण मराठी माणसे बोलताना प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वाटा देतो. इंग्रजीत तसे नाही. तिथे लांब शब्दातल्या एका तुकड्यावर सगळा जोर पडतो आणि बाकीचे तुकडे अर्धवट गिळले जातात. इमिडाक्लोप्रिडमध्ये तो जोर ‘क्लो’वर पडतो, सायपरमेथ्रिनमध्ये ‘मे’वर, तर ग्लायफोसेटमध्ये पहिल्याच ‘ग्लाय’वर. त्यामुळे कोणी इंग्रजी धाटणीने भरभर बोलले की आपल्या कानाला नावाचा एकच तुकडा ऐकू येतो आणि बाकीचे वाऱ्यावर जाते.

म्हणूनच मोबाइलवर नुसते नाव ऐकून औषध आणू नये. इमिडाक्लोप्रिड हे रस शोषणाऱ्या किडींवरचे औषध. इमॅझेथापायर हे सोयाबीनमधले तणनाशक. दोन्हींचा आरंभ ऐकायला सारखाच. घाईत ‘इमा... इमि...’ एवढेच कानावर पडले आणि कपाशीवर तणनाशक फवारले गेले, तर पीकच हातचे जाते. ऐकलेले नाव कागदावर लिहून घ्या, टाळ्या मोजा आणि मग बाटलीवरच्या नावाशी ताडून पाहा.

उच्चारात थोडाफार फरक दिसला तर मात्र बिचकू नका. एकाच तुकड्याला अमेरिकेत ‘मेथिल’ म्हणतात, इंग्लंडात ‘मीथाइल’ म्हणतात आणि आपला दुकानदार ‘मिथाईल’ म्हणतो. वस्तू एकच. कुठे डायमेथोएट छापतात, कुठे डायमिथोएट. तेही एकच.

मग अर्थासाठी फोड

आता दुसरी फोड. ही पहिल्या फोडीपेक्षा वेगळी आहे, आणि खरी मेख इथेच आहे.

‘सूर्योदय’ हा शब्द घ्या. तोंडाने आपण म्हणतो सू-र्यो-दय. पण अर्थ हवा असेल तर फोड होते सूर्य अधिक उदय. ‘र्यो’ या अक्षरात सूर्याचे शेपूट आणि उदयाचे तोंड एकमेकांत मिसळले आहे. ‘विद्यालय’ म्हणताना वि-द्या-लय, पण अर्थाला विद्या अधिक आलय. औषधांच्या नावांचेही असेच आहे. बोलायची फोड एक, समजायची फोड दुसरी.

सायपरमेथ्रिन घ्या. तोंडाला चार तुकडे. अर्थाला मात्र दोनच : सायनो आणि परमेथ्रिन. परमेथ्रिन हे आधीचे औषध, त्यात सायनो नावाचा भाग जोडून हे दुसरे बनले. ‘सायनो’मधला ‘नो’ गळला आणि दोन्ही सांधले गेले.

आता क्लोरपायरीफॉस पाहू. वाळवी, हुमणी यांच्यामुळे हे नाव आपल्या ओळखीचे आहे. त्याचे रसायनशास्त्रातले पूर्ण नाव असे आहे : ओ,ओ-डायइथाइल ओ-3,5,6-ट्रायक्लोरो-2-पिरिडिल फॉस्फोरोथायोएट. घाबरू नका! हा एक शब्द नाही, ही सामानाची यादी आहे. डाय म्हणजे दोन, म्हणून इथाइल नावाचे दोन तुकडे. ट्राय म्हणजे तीन, म्हणून क्लोरीन तीन. पिरिडिल म्हणजे सहा अणूंचे एक कडे. त्या कड्याला कुठे काय जोडले ते 3, 5, 6 आणि 2 हे आकडे सांगतात, जसे गल्लीतल्या घरांचे नंबर. फॉस्फोरो म्हणजे फॉस्फरस, थायो म्हणजे गंधक. झाली यादी.

एवढे लांब नाव रोज कोण घेणार? म्हणून त्यातलेच तीन तुकडे उचलले. ट्रायक्लोरोतले ‘क्लोर’, पिरिडिलमधले ‘पायरी’ आणि फॉस्फोरोमधले ‘फॉस’. झाले क्लोरपायरीफॉस. लांब नावाचे बोचके बांधून केलेले हे गाठोडे आहे. गाठ सोडता आली की आत काय आहे ते कळते.

ही रीत काही आजची नाही. 1787 साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवले की, पदार्थाच्या नावावरून त्यात काय आहे ते कळले पाहिजे. पुढे 1892 साली जिनिव्हाला शास्त्रज्ञांची सभा भरली आणि कार्बनच्या संयुगांना नावे देण्याचे नियम बांधले गेले. नावे लांब झाली ती आपल्याला छळण्यासाठी नव्हे, दोन वस्तूंची गल्लत होऊ नये म्हणून.

तुकडे ओळखीचेच आहेत

यांतले आकडे आपल्याला अजिबात परके नाहीत. डाय म्हणजे आपला द्वि, ट्राय म्हणजे त्रि, टेट्रा चार, पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट. ग्रीक आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, म्हणून चेहरेपट्टी जुळते. आपली डीएपीची गोणी म्हणजे तरी काय? डायअमोनियम फॉस्फेट. अमोनियम दोन वेळा आणि सोबत फॉस्फेट. गोणीवरचे 18-46 हे आकडे त्या दोघांचाच हिशेब देतात : शंभर किलोत 18 किलो नत्र आणि 46 किलो स्फुरद. आणि पोटॅश? इंग्रजीत ‘पॉट’ म्हणजे भांडे आणि ‘अ‍ॅश’ म्हणजे राख. लाकडाच्या राखेचे पाणी भांड्यात आटवून तो क्षार काढीत, त्यावरून हे नाव पडले. चुलीतली राख परसातल्या झाडांना घालणाऱ्या आपल्या आजीला हे ऐकून नवल वाटले नसते.

आणखी एक तुकडा पाहा, ‘बेन्झ’. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पूर्ण नावात तो बेन्झिमिडॅझोल या रूपात आहे. हा ‘बेन्झ’ आला कुठून? आपल्या घरातल्या धुपाटण्यातून, असे म्हटले तरी चालेल. अरब व्यापारी जावा-सुमात्राकडच्या ऊदाला ‘लुबान जावी’ म्हणत. आपला ‘लोबान’ हा शब्द त्याच ‘लुबान’चा भाऊ. युरोपातल्या लोकांना वाटले, पहिला ‘लु’ किंवा ‘लो’ हा शब्दाचा भाग नसून त्यांच्या भाषेतले एक उपपद आहे. त्यांनी तो कापून टाकला आणि उरलेल्याचे होता होता ‘बेन्झॉइन’ झाले. त्या ऊदापासून काढलेल्या आम्लापासून 1833 साली एक तेल मिळाले, ते बेन्झिन. फोड चुकीच्या जागी झाली आणि चुकीचेच नाव जगभर रूढ झाले! शब्दाची फोड चुकली तर शब्दच बिघडतो. औषधाच्या नावाची फोड चुकली तर त्याहून मोठे नुकसान होते.

तोंड पाहू नका, शेपूट पाहा

जनावर घेताना आपण दात पाहतो. औषध घेताना नावाचे शेपूट पाहावे, कारण बहुतेक वेळा घराणे शेपटात असते. हे काही शेवट वहीत लिहून ठेवा.

‘-फॉस’ : प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस. फॉस्फरसच्या घराण्यातली कीटकनाशके.

‘-थ्रिन’ : सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम नावाच्या फुलात किडे मारणारे द्रव्य असते. त्याची नक्कल करून बनवलेली ही कीटकनाशके.

‘-क्लोप्रिड’ : इमिडाक्लोप्रिड, थायाक्लोप्रिड. रस शोषणाऱ्या किडींवरची.

‘-कोनॅझोल’ : हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल. ही बुरशीनाशके.

‘-स्ट्रोबिन’ : अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन. हीही बुरशीनाशके. स्ट्रोबिल्युरस नावाच्या एका अळंबीवरून हे नाव पडले.

‘-फॉप’ : क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप. ही गवतवर्गीय तणे मारणारी तणनाशके. ज्वारी, मका हीसुद्धा गवताचीच जात, हे विसरू नका.

आता तीन नावे शेजारी ठेवा : प्रोफेनोफॉस, प्रोपिनेब, प्रोपाक्विझाफॉप. तोंड तिघांचे ‘प्रो’. पण पहिले किडीवरचे, दुसरे बुरशीवरचे आणि तिसरे तणावरचे. आरंभ पाहून बाटली उचलली तर काय होईल, ते तुम्हीच ताडा.

शेपटाचा दुसरा उपयोग असा. द्राक्षावर भुरीसाठी एकदा हेक्झाकोनॅझोल मारले, पुढच्या खेपेस ‘बदल करू’ म्हणून टेब्युकोनॅझोल आणले, तर बदल झालाच नाही. घराणे तेच राहिले. एकाच घराण्याचे औषध पुन्हा पुन्हा मारले की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. बदल करायचा तर शेपूट बदलले पाहिजे.

तिसरा उपयोग सगळ्यांत महत्त्वाचा. ‘-एट’ आणि ‘-आइड’ ही दोन शेपटे नीट ओळखा. झिंक सल्फेट हे जस्ताचे खत. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे जहाल विष. नावाचा पहिला शब्द दोन्हींचा एकच. साधारणपणे ‘एट’ म्हणजे प्राणवायूसह बांधलेले, ‘आइड’ म्हणजे त्याच्याविना. झिंक फॉस्फाइड ओलाव्याशी, विशेषतः पोटातल्या आम्लाशी गाठ पडताच फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडते. एका शेपटाचा फरक आणि एक खत, तर दुसरे मरण. ही दोन्ही एका खोलीत, एका फळीवर कधीही ठेवू नका.

आणि शेवटी नुसते एक अक्षर असेल तर? 2,4-डी पाहा. डायक्लोरोफेनॉक्सिअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमधल्या ‘डाय’चे आद्याक्षर म्हणजे हा ‘डी’. क्लोरीन कड्यावर कोणत्या दोन ठिकाणी बसले आहेत ते 2 आणि 4 हे आकडे सांगतात. हे रुंद पानांच्या तणांवरचे औषध आणि कपाशी तर त्याला फारच हळवी. हे मारलेला पंप नुसता विसळून कपाशीवर नेला, तरी पाने आखडतात. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

नियमाला अपवाद

आता एक सावधगिरी. नात्यातली सगळीच माणसे एक आडनाव लावत नाहीत. मॅलॅथिऑन आणि डायमेथोएट यांच्या नावात ‘फॉस’ नाही, तरी ती फॉस्फरसच्याच घराण्यातली कीटकनाशके आहेत. उलट ग्लायफोसेटच्या पोटात ‘फॉस’ दिसतो, पण ते तणनाशक आहे आणि त्याचे विष या घराण्यातल्या कीटकनाशकांसारखे काम करीत नाही. तेव्हा शेपूट ही ओळख पटवायची खूण आहे, शेवटचा निकाल नव्हे. शेवटचा निकाल लेबलावरचा. कोणत्या पिकावर, किती मात्रेत आणि विषबाधा झाल्यास उतारा काय, हे सारे तिथे छापलेले असते.

लेबलावर चौकटीत रंगीत त्रिकोणही असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी. निर्धोक नव्हे.

नाव माहीत असले तर जीव वाचतो

2017 सालचा पावसाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण इस्पितळात दाखल झाले. कारणे अनेक सांगितली गेली. औषधांची मिश्रणे हे त्यांतले एक.

अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “काय मारत होता?” यावर “हिरव्या बाटलीतले औषध” हे उत्तर कामाचे नाही. ‘-फॉस’ घराण्यातल्या विषाने लाळ गळते, दरदरून घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. त्यावर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने हा उतारा आहे. ‘-थ्रिन’ घराण्यातल्या विषाला असा ठरावीक उतारा नाही. तिथे लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. म्हणजे नावाचे शेपूट डॉक्टरांना दिशा दाखवते आणि त्या घडीला मिनिटामिनिटाला मोल असते.

म्हणून एवढे करा. फवारणीला निघताना बाटलीवरचे बारीक अक्षरांतले नाव घरच्या बाईमाणसाला वाचून दाखवा किंवा लेबलाचा फोटो घरच्या मोबाइलवर ठेवा. कारण शेतात धनी पडला तर बाटली शोधायला तीच धावणार असते. कुणाला त्रास झाला तर त्याला शेतातून मोकळ्या हवेत आणा, औषधाने भिजलेले कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा आणि लेबलासह बाटली पिशवीत घालून इस्पितळात न्या. ताक, तूप, मिठाचे पाणी पाजत बसू नका आणि बळेच ओकारीही काढू नका.

औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः शीतपेयाच्या बाटलीत, ओतून ठेवायची सवय आपल्याकडे फार. त्या बाटलीला नावच उरत नाही. बिननावाच्या बाटलीने किती घरांचा घात केला असेल!

आज दिवेलागणीनंतर एक काम करा. औषधाची एक बंद बाटली लांबूनच मुलांना दाखवा, खालचे नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या, हात साबणाने धुवा आणि बाटली कुलपात ठेवा. मग तो कागद घेऊन सगळे ओसरीवर बसा. आधी टाळ्या देऊन नाव म्हणा. मग अर्थाची फोड करा. शेवटी शेपूट ओळखा. मुलांना संधीचा अभ्यास होईल, मोठ्यांना आपण आजवर शेतात काय ओतत आलो ते कळेल. एखादे नाव फुटेना झाले तर ते आम्हाला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या अंकात मिळून फोडू.